एफएक्स-८३५० की आय५-३४७०? जुना प्रोसेसर घेताना या चुका टाळा

कमी पैशांत जुना डेस्कटॉप उभा करायचा म्हटलं की २०१२ सालचे हे दोघे अजूनही समोर येतात: एएमडीचा एफएक्स-८३५० आणि इंटेलचा कोअर आय५-३४७०. आकडे पाहिले तर सामना एकतर्फी वाटतो. आठ कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी स्वतंत्र काम करणारे भाग) विरुद्ध चार, ४.० गिगाहर्ट्‌झ विरुद्ध ३.२. आणि लोक नेमके इथेच फसतात.

आकड्याला आकडा लावणं

गिगाहर्ट्‌झची तुलना एकाच घराण्यातल्या प्रोसेसरांमध्ये चालते. वेगळी घडण असली की नाही. गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके एवढंच. आय५ एका ठोक्यात जास्त काम उरकतो, त्यामुळे एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात ३.२ वाला ४.० वाल्याला सरळ मागे टाकतो. जुने गेम, ब्राउझर, टॅली, एक्सेल यांत फरक हाताला जाणवतो.

आठ कोअरचंही तसंच. एफएक्समध्ये चार मॉड्यूल आहेत. प्रत्येकात पूर्णांकांचं गणित करणारे दोन कोअर असतात, पण दशांशांचं गणित करणारा भाग त्या दोघांत एकच. ‘याला आठ कोअर म्हणायचं का’ यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलरवर तडजोड केली. तरी एफएक्सला निकालात काढू नका. व्हिडिओ एन्कोड करणं, मोठ्या फाइली झिप करणं अशा सगळे कोअर कामाला लावणाऱ्या कामांत तो या आय५च्या पुढे जातो. दिवसभर तेच काम असेल तर घ्या. बहुतेकांचं नसतं.

फक्त प्रोसेसरची किंमत विचारणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एफएक्स-८३५० मध्ये ग्राफिक्स नाही. ९७० किंवा ९९०एफएक्स चिपसेटच्या बोर्डवर तो बसवला आणि ग्राफिक्स कार्ड लावलं नाही, तर डिस्प्ले येणारच नाही. मग लोक रॅम काढ-घाल करत बसतात. आय५-३४७० मध्ये एचडी २५०० हे अंगभूत ग्राफिक्स आहे, गेमिंगला फारसं उपयोगाचं नाही, पण स्क्रीन दिसते.

वर एफएक्सचा टीडीपी १२५ वॉट, आय५चा ७७. टीडीपी म्हणजे विजेचा वापर नव्हे, कूलर किती ताकदीचा हवा याचा तो अंदाज. एफएक्स ज्या एएम३+ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो ती जागा) बसतो, त्याच्या स्वस्त बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तापतो, वेग आपोआप उतरतो आणि मालक दोष प्रोसेसरला देतो. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरांची यादी असते. ८३५० त्यात नसेल, तर दुकानदाराचं ‘चालतं हो साहेब’ ऐकू नका.

बसला म्हणजे चालेल असं समजणं

आय५-३४७० ज्यावर बसतो तो एलजीए ११५५ सॉकेटचा एच६१ बोर्ड त्याच्या आधीच्या, म्हणजे सँडी ब्रिज या दुसऱ्या पिढीचा. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) जुना असेल तर आय५-३४७० नीट बसतो, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. प्रोसेसर परत करण्याआधी आय३-२१०० सारखा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर कुणाकडून तरी उसना आणा, तो लावून बायोस अपडेट करा आणि मग ३४७० बसवून पाहा.

एफएक्स काढताना वेगळी काळजी. याच्या पिना प्रोसेसरलाच असतात. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. इंटेलच्या पिना बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून वापरलेला बोर्ड घेताना सॉकेटवर टॉर्च मारून बघाच.

एफएक्स रिकामा असताना तापमान खोलीपेक्षाही कमी दिसलं तर घाबरू नका. त्याचा सेन्सर कमी तापमानाला भरवशाचा नाही. आकडा बघायचा तो पूर्ण लोड देऊन.

आणि विंडोज ११ अधिकृतपणे दोघांवरही चालत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा यांपैकी काहीही घेतलंत तरी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा पेनड्राइव्ह तयार ठेवा.