नवी ट्रॉली उसाला लावण्याआधी

वर्कशॉपमधून ट्रॉली चकचकीत येते, पण जास्त जपावी लागते ती याच दिवसांत. चाकाचे नट, कमानपाट्यांचे यू-बोल्ट, दांडीचे बोल्ट यांच्याखाली रंगाचा थर असतो. ओझं पडलं की तो दबतो आणि घट्ट आवळलेला नटही ढिला पडतो. म्हणून पहिल्या एक-दोन खेपा शेणखताच्या किंवा भुसकटाच्या मारा, भरल्या उसाने सुरुवात करू नका.

चाकाचे नट आवळताना समोरासमोरचे घ्या. गोल फिरत आवळले तर रिम एका बाजूला बसते. पहिल्या भरल्या खेपेनंतर पान्हा लावा, मग साधारण 50 किलोमीटरवर, पुढे दर आठवड्याला. नट आणि रिम यांच्यावरून ऑइलपेंटची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. नटाखालून तांबूस धूळ गळत असेल तर तो आधीपासूनच हलतोय. भोक लांबट झालं असेल तर नुसतं आवळून भागणार नाही, रिम बदला.

बेअरिंगसाठी ॲक्सलखाली जॅक लावून चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाची, टोपी काढा, चाक फिरवत ॲक्सलच्या टोकाचा नट आवळा, चाक जड फिरू लागलं की स्प्लिट पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायच्या दुपायी पिनचं) भोक जुळेल इतकाच मागे घ्या. पिन दरवेळी नवी. जुनी सरळ करून घातलेली पिन तुटते आणि चाक निघून येतं. ग्रीस बेअरिंगच्या रोलरांमध्ये दाबून भरा, हब मात्र काठोकाठ भरू नका. जास्त ग्रीस तापतं, सील बाहेर ढकलतं, आणि मग काळ्या रानातला चिखल आत शिरतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून हबला हाताची मागची बाजू लावा. चटका बसला तर बेअरिंग आवळलेलं आहे किंवा कोरडं आहे.

ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या ड्रॉबारलाच (खालच्या ओढायच्या पट्टीलाच) जोडा. वरच्या पॉइंटला जोडली तर चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. पिनला वरून क्लिप हवीच, तारेचा तुकडा नको. शिवाय एक सुरक्षा साखळी लावा. ऊस मागे जास्त भरला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरची मोठी चाकं घसरतात. हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना मोजा.

डांबरीवर डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकची दोन्ही पेडल कडीने जोडलेली हवीत. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या घाटात एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं करते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीच नाही.

मागे लाल, पुढे पांढरे, बाजूंना पिवळे रिफ्लेक्टर. उसाची वाढं (शेंडे) मागे लोंबली की दिवे झाकले जातात, म्हणून भरल्यावर मागे उभं राहून बघा. पंक्चर काढताना चाकाला लावलेले दगड निघताना उचला. रात्री दुचाकीवाल्याचा जीव त्यावरच जातो.

डंपिंग ट्रॉली (डाला, म्हणजे माल भरायचा भाग, उचलून ओतणारी) असेल तर हायड्रॉलिक तेल डाला उचलणारा जॅक खाली असताना तपासा. वर असताना भरलं तर खाली येताना उतू जातं. रिकामी ट्रॉली तीन-चारदा पूर्ण उचलून तेलातली हवा काढा. ओल्या रानात एक चाक रुततं आणि उचललेली ट्रॉली कलंडते, त्यामुळे टणक, सपाट जागा बघा, वर विजेची तार नाही ना तेही. खाली हात घालायचा असेल तर आधी लोखंडी टेकू. होज फुटला तर डाला धाडकन खाली येतो, मुंडी काढायलाही वेळ मिळत नाही.