चेहऱ्यावर भाव असलेला कागदी मुखवटा : कलेच्या तासासाठी कृती

मुखवट्यावरचा राग किंवा भीती मुख्यतः उंचवट्यांमुळे आणि खळग्यांत पडणाऱ्या सावलीमुळे दिसते. घडण सपाट राहिली, तर रंग कितीही भडक लावा, चेहरा निर्जीवच वाटतो. चाळीस मिनिटांच्या साधारण सात तासिका धरा: मातीला दोन, कागदाला दोन, साचा सोडवून कडा बांधायला एक आणि रंगाला दोन. वेळ कमी पडला तर रंगाची एक तासिका कमी करा, मातीची नको.

आधी भाव ठरवा. मुलांना आरशात तोंड वेडंवाकडं करून नीट बघू द्या. रागात भुवया खाली आणि आत ओढल्या जातात, मध्ये दोन उभ्या आठ्या पडतात. दुःखात भुवयांची आतली टोकं वर चढतात आणि ओठांचे कोपरे खाली येतात. भीतीत भुवया वर जाऊन एकमेकींकडे सरकतात, डोळे विस्फारतात. किळस आली की नाकाच्या मुळाशी सुरकुत्या पडतात आणि वरचा ओठ उचलला जातो. हसताना गाल वर चढतात आणि खालची पापणी फुगते. नुसतं तोंड रुंद केलं तर हसू खोटं वाटतं. समोरून एक आणि बाजूने एक अशी दोन चित्रं काढायला सांगा. बाजूचं चित्र टाळलं की मुलं हमखास थाळीसारखा सपाट चेहरा करतात.

माती

फळीवर प्लॅस्टिक पसरून त्यावर रद्दी कागदाचा घट्ट चुरगळलेला, चिकटपट्टीने बांधलेला लंबगोल गोळा ठेवा. त्यावर दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचा शाडूचा किंवा मूर्तिकामाच्या मातीचा थर द्या. तयार उठाव सुमारे २२ सेंमी लांब, १६ सेंमी रुंद आणि ८-९ सेंमी उंच असावा. आत कागद असल्यामुळे दीड-दोन किलो माती पुरते.

डोळे चेहऱ्याच्या उंचीच्या मध्यावर येतात. मुलं ते जवळजवळ नेहमीच कपाळावर नेतात आणि मग भुवयांना हालचालीसाठी जागाच उरत नाही. आधी डोळ्यांच्या खोबणी अंगठ्याने चांगल्या दाबून घ्या, मग नाक, भुवया आणि गालांसाठी माती वाढवा. वाढवताना खालचा भाग खरवडून ओला करा, नाहीतर जोड सुटतो.

प्रत्येक गोष्ट हवी त्याच्या दीडपट ठसठशीत करा. वर कागदाचे थर चढले की बारीक रेघा बुजतात. दोन-तीन मिलिमीटर खोलीची सुरकुती तर दिसतच नाही. दोन्ही बाजू मोजूनमापून सारख्या करण्याचाही आग्रह नको. एक भुवई थोडी वर, ओठाचा एक कोपरा जास्त ओढलेला असला की चेहरा जिवंत होतो. मात्र नाकपुड्या किंवा ओठांखाली आत वळणारी खाच ठेवू नका. कागद तिथे अडकतो आणि साचा सोडवताना फाटतो.

शेवटी खोलीतले दिवे घालवून बाजूने टॉर्च मारा. चार पावलांवरून भाव ओळखू आला पाहिजे. आला नाही, तर माती ओली आहे तोवरच दुरुस्त करा.

कागद

खळीसाठी एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उकळत्या चार वाट्या पाण्यात ओता आणि दोन-तीन मिनिटं ढवळत शिजवा. गार झाल्यावर पाव वाटी पांढरा गोंद घाला. बुरशी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असल्याने मुलांच्या हातात नकोच. ताजी खळ करून दोन दिवसांत संपवावी.

कागद कापू नका, फाडा. फाटलेली विरळ कड एकमेकांत मिसळून जाते, कापलेल्या कडेची रेघ मात्र रंगानंतरही दिसते. कपाळ आणि गालांना दोन-तीन सेंमी रुंद पट्ट्या, नाक आणि पापण्यांना नखाएवढे तुकडे. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवून लावा, म्हणजे माती सहज सुटते. पुढचे पाच थर खळीचे. एक थर वर्तमानपत्राचा, पुढचा कोऱ्या किंवा तपकिरी कागदाचा असा आलटून पालटून घेतला की कुठे राहिलं ते लगेच कळतं. खळीत बुडवलेली पट्टी दोन बोटांतून निपटून घ्या. जास्त खळ राहिली तर वाळायला दिवस जातात आणि बुरशी धरते. तीन थरांनंतर एक दिवस थांबा. वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि कडा वळतात.

मुखवटा टणक वाजू लागला की उलटा करून कागदाचा गोळा काढा आणि माती पोखरून बाहेर घ्या. कडेचे पाच मिलिमीटर कात्रीने कापून त्यावर छोट्या पट्ट्या आतबाहेर चिकटवा, नाहीतर थर सुटतात. चेहऱ्यावर घालायचा असेल तर बुबुळांमधलं अंतर मोजूनच भोकं पाडा. मोठ्या माणसांत ते सहासव्वासहा सेंमी असतं, मुलांत कमी. कटर शिक्षकांनीच वापरावा.

रंग

पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात द्या. मग पाण्यात पातळ केलेला गडद रंग खळग्यांत सोडा आणि उंचवट्यांवरून लगेच फडक्याने पुसा. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग नाक, भुवया आणि गालांच्या टोकांवरून हलका फिरवा. दोन-तीन रंग पुरेत. ठिपके आणि पट्टे भराभर वाढले की घडवलेल्या सावल्या त्यांत हरवतात.

इलॅस्टिकसाठी कानांच्या पातळीवर, कडेपासून दीड सेंमी आत भोकं पाडा आणि आतून कापडाचा तुकडा चिकटवून ती पक्की करा. कपाळाच्या आतल्या बाजूला स्पंजची पट्टी लावली की मुखवटा डोळ्यांवर घसरत नाही आणि श्वासालाही जागा राहते.