'रिझर्व्हॉयर डॉग्ज' बघताय? मग या चुका टाळा

मी ज्यांना ज्यांना हा पिक्चर सुचवला त्यातल्या बऱ्याच जणांनी "अरे चोरी कुठंय?" म्हणत अर्ध्यात बंद केला, आणि मला खरंच वाईट वाटतं राव, एवढा भारी पिक्चर. म्हणून हे लिहितोय. स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.

पहिली चूक तीच, दरोड्याची वाट बघत बसणं. दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोच्या या १९९२ च्या पिक्चरमध्ये हिऱ्यांवरचा डल्ला पडद्यावर येतच नाही. ९९ मिनिटांतला बराचसा वेळ लॉस एंजेलिसमधल्या एका गोदामात जातो, डाव फसलेला, एक जण पोटात गोळी लागून रक्तात पडलेला, आणि बाकीचे आपल्यात पोलिसांचा माणूस कोण यावरून एकमेकांवर पिस्तुलं रोखतायत. आत दुकानात काय झालं ते त्यांच्या बोलण्यातूनच जुळवायचं, मजा त्यातच आहे.

सुरुवातीचा नाश्त्याचा सीन "नुसती बडबड" म्हणून पुढे ढकलू नका, प्लीज. मिस्टर पिंक (टोळीतल्यांना अशी रंगांचीच टोपणनावं आहेत) टिप द्यायला नकार देतो, टोळीचा बॉस जो (Joe) विचारतो पैसे कोणी टाकले नाहीत, आणि पटकन नाव कोण सांगतं? मिस्टर ऑरेंज! खबऱ्या कोण ते तिथेच दिसलेलं असतं, मला दुसऱ्यांदा बघताना कळलं आणि अंगावर काटा आला.

मिस्टर ब्लाँड ओलीस पोलिसाचा कान कापतो त्या सीनला घाबरून पुढे पळवणारेही आहेत. कॅमेरा ऐन वेळी बाजूला भिंतीकडे वळतो, कापताना दाखवतच नाही. त्यानंतर मिस्टर ब्लाँड पेट्रोलचा कॅन आणायला बाहेर गाडीकडे जातो, रेडिओवरचं गाणं बंद, बाहेर शांत नॉर्मल रस्ता, परत आत आला की गाणं पुन्हा चालू. हे बघायचं सोडू नका.

"'काँटे' बघितलाय, तोच आहे ना" असं पण म्हणू नका. २००२ चा तो पिक्चर यावरूनच उचललाय, आपले महेश मांजरेकरही आहेत त्यात, पण तिथे बँक आहे आणि त्याचा बाज पूर्ण वेगळा.

आणि शेवट लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका. पिंक हिरे घेऊन पळाला तो सुटला असं खूप जणांना वाटतं. हेडफोन लावा, आवाज वाढवा, आत व्हाइट आणि ऑरेंज बोलत असताना बाहेरून सायरन, गोळीबार आणि पिंकचं ओरडणं बारीक ऐकू येतं.