कर्नलमध्ये फ्यूज आणताना या चुका टाळा

मिक्लोश सेरेदी यांचं फ्यूज, म्हणजे फाइलसिस्टिम कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) न ठेवता बाहेरच्या एका प्रोग्रॅममधून, म्हणजे डीमनमधून, चालवायची सोय, २००५ साली लिनक्स २.६.१४ मध्ये आलं. पुढे नेटबीएसडी, ओपनबीएसडी, फ्रीबीएसडी यांनीही यूजरलँड (कर्नलबाहेर चालणाऱ्या) फाइलसिस्टिमला आपापल्या परीने जागा दिली. तरीही एखाद्या छोट्या कर्नलसाठी नवा पॅच येतो, तेव्हा त्यात जुन्याच चुका नव्याने भेटतात.

डीमन उत्तर देईलच, असं गृहीत धरणं. सगळ्यात घातक चूक हीच. असाच एक पॅच तपासायला माझ्याकडे आला होता. सगळ्या चाचण्या पास, एसएसएचएफएस (दूरच्या मशीनवरच्या फाइली दाखवणारी फ्यूज फाइलसिस्टिम) चालतंय, लेखकाला मर्जची घाई. मी डीमनला सिगस्टॉप देऊन गोठवलं आणि दुसऱ्या टर्मिनलवर फाइलींची यादी देणारं ‘एलएस’ चालवलं. ते माउंटच्या डिरेक्टरीचा लॉक धरून, कुठलाही सिग्नल न ऐकता झोपून गेलं. त्या वाटेने आलेली पुढची प्रोसेस वरच्या डिरेक्टरीचा लॉक धरून त्याच्यामागे थांबली, तिच्यामागे आणखी एक. असं करत अडथळा थेट रूटपर्यंत पोहोचला. प्रोसेस सक्तीने मारणारं ‘किल -९’ही निरुपयोगी. शेवटी मशीनचं बटणच दाबावं लागलं.

लिनक्सने यावर नीट विचार केलेला आहे. विनंती डीमनने अजून उचललेली नसेल, तर जीवघेणा सिग्नल येताच ती रांगेतून काढली जाते. उचलली असेल, तर डीमनला इंटरप्ट, म्हणजे ते काम सोडण्याची सूचना, पाठवला जातो. तरीही उत्तर आलं नाही, तर कनेक्शनच्या ‘अबॉर्ट’ फाइलमध्ये काहीही लिहिलं की अडकलेले सगळे सुटतात. म्हणून मी अबॉर्टची वाट आधी लिहितो, रीड-राइट नंतर. अबॉर्ट नसलेला पॅच मी पुढे वाचत नाही.

माउंट सगळ्यांसाठी उघडा ठेवणं. फ्यूजचा माउंट मुळात फक्त माउंट करणाऱ्यालाच दिसतो, रूटलासुद्धा नाही. लिनक्समध्ये घेताना यावरूनच मोठा वाद झाला होता, आणि नवखे लोक आजही याला बग समजून ती तपासणी काढून टाकतात. त्यामागचं कारण साधं आहे: साध्या यूजरचा डीमन दुसऱ्याची प्रोसेस हवी तितकी लटकवू शकतो, ती काय वाचते-लिहिते यावर नजर ठेवू शकतो. रूटचं रात्रीचं बॅकअप अशा माउंटमध्ये शिरलं, की ते सोडायचं की नाही हे त्या यूजरच्या हातात जातं. माउंट इतरांनाही उघडणाऱ्या ‘अलाउ अदर’ पर्यायाची परवानगी अ‍ॅडमिननेच द्यावी. ते देताना ‘डिफॉल्ट परमिशन्स’ही लावा, नाहीतर परवानग्या तपासायचं काम डीमनवर पडतं आणि बहुतेक डीमन ते करत नाहीत.

एनोसिसला (‘ही विनंती मला येत नाही’ या उत्तराला) साधी एरर समजणं. परवानगी विचारणाऱ्या ‘अ‍ॅक्सेस’ विनंतीला एनोसिस आलं, तर डीमनकडे ती सोय नाही हे लक्षात ठेवा आणि पुन्हा विचारू नका.

फर्गेटचा हिशेब चुकवणं. प्रत्येक यशस्वी लुकअपची (नावावरून फाइल शोधण्याची) मोजणी ठेवा; फाइल आता लक्षात ठेवायची गरज नाही, हे कर्नल फर्गेटमधून तेवढ्याच मोजणीसह डीमनला कळवतो. फर्गेटला उत्तर येत नसतं, त्याची वाट पाहू नका.

जुन्या प्रोटोकॉलवर थांबणं. फ्रीबीएसडीचा ड्रायव्हर २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत फ्यूज प्रोटोकॉलच्या ७.८ आवृत्तीवरच होता, तो ७.२३ वर नेताना बग्जचा ढीग उपसावा लागला. इनिटच्या (कर्नल आणि डीमनच्या पहिल्या संवादाच्या) वेळी आवृत्ती ठरवणारा कोड पहिल्याच दिवशी नीट लिहा.

पहिल्याच आवृत्तीत शेअर्ड एममॅपवर, म्हणजे मेमरीत जोडलेल्या फाइलवर, लिहू देणं. मेमरी संपत आली की कर्नल डर्टी (बदललेली, पण अजून फाइलमध्ये न लिहिलेली) पाने डीमनकडे पाठवतो, आणि ती लिहायला डीमनलाच मेमरी लागते. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. लिनक्सनेही ही सोय २.६.२६ मध्ये, म्हणजे जवळपास तीन वर्षांनी दिली. तोवर एनोडेव्ह ही एरर परत करा.