चौथीतलं मूल खरंच वाचतं का, हे कसं पाहायचं आणि पुढे काय करायचं

वाचन तपासायला मुलाचं पाठ्यपुस्तक हातात घेऊ नका. चौथीतली कितीतरी मुलं धडा तोंडपाठ म्हणतात. बोट ओळीवरून सरकत असतं, आवाज खणखणीत असतो, तपासणीला आलेले साहेब मान डोलावून पुढच्या वर्गात जातात. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून "हे काय?" विचारा. मूल परत पहिल्या ओळीपासून पुटपुटत येतं आणि त्या शब्दापाशी पोचलं की उत्तर देतं. म्हणजे त्याला पाठ आहे, वाचता येत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. पुढचं सगळं अशा शाळेत करून पाहिलेलं आहे. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत थोडे बदल करावे लागतील, पण गाभा तोच.

एका पुठ्ठ्यावर चार गोष्टी ठळक हस्ताक्षरात लिहा: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची आठ-दहा ओळींची गोष्ट. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत 2005 पासून हीच उतरंड वापरतात. परिच्छेद स्वतः रचा, जोडाक्षर टाळून. माझा एक असा आहे: "घरामागे एक मांजर राहते. ते रोज सकाळी येते. दूध दिले तर हळूहळू पिते. मासळी दिसली तर धावत येते."

एकेका मुलाला व्हरांड्यात शेजारी बसवा. समोर नको, समोर बसलं की परीक्षा होते. सुरुवात परिच्छेदापासून करा. जमला तर गोष्ट द्या, अडलं तर शब्द, तेही अडलं तर अक्षरं. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात. वाचून झालं की विचारा, "त्याला जास्त काय आवडतं?" उत्तर ओळीत लिहिलेलं नाही, म्हणून हा प्रश्न. "मासळी" असं उत्तर आलं की "कशावरून?" एक मुलगी माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू बाईंनाच कळलं नाही. मग म्हणाली, "पळत आली ना ती." तिला समजलं होतं. तेलुगूत 'ती' आणि 'ते' यांना एकच सर्वनाम चालतं, त्यामुळे आमच्याकडे मांजर कायम 'ती' असते. ही वाचनाची चूक धरू नका. ती बोलता बोलता, महिनोन्महिने ऐकून सुधारते.

दोन-तीन दिवसांत तिसरी ते पाचवीची सगळी मुलं ऐकून होतात. यादी समोर आली की पाचवीतली काही मुलं अक्षरांवर आणि तिसरीतली काही गोष्टीवर सापडतील. आता इयत्ता बाजूला ठेवून रोज एक तास या यादीप्रमाणे मुलं बसवायची. ही कल्पना माझी नाही. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 2001 च्या सुमारास मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली, 'बालसखी', वेगळं बसवून शिकवत. त्याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. मुलांचे गुण वाढले होते. आपल्याला वेगळी माणसं मिळणार नाहीत, म्हणून आहेत त्या शिक्षकांनी गट वाटून घ्यायचे.

वाटताना एक भांडण होतंच: अक्षरगट कोणाला? तो शाळेतल्या सगळ्यात अनुभवी शिक्षकाकडे द्या. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, हुशार गट ज्येष्ठांकडे आणि अडलेली मुलं नव्या पोरीच्या गळ्यात. गटांना गुलाब-मोगरा अशी नावं देऊ नका, दुपारपर्यंत मुलांना 'ढ' कोण ते कळतं. खोलीच्या नावाने हाक मारा.

अक्षरगटात पूर्ण वर्णमाला घोकत बसू नका. क, म, र, ल, स, न एवढी सहा अक्षरं आणि काना, पहिली वेलांटी, मात्रा घेतली तरी शंभरावर शब्द होतात. पहिल्या वेलांटीला वेळ द्या, लिहिताना ती अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. 'किमान'मध्ये मूल आधी इ शोधतं आणि गोंधळतं. कार्डावर वेलांटी वेगळी कापून अक्षरावर ठेवायला दिली की हा गुंता सुटतो. रोज दहा मिनिटं बाराखडीचा तक्ता आडवा, उभा, उलटा वाचायचा, तालात नाही. ताल आला की पुन्हा पाठांतर सुरू.

जोडाक्षरांसाठी आमच्या भागाइतकं चांगलं पुस्तक नाही. कन्ना चौक, अक्कलकोट रोड, जोडबसवण्णा चौक. मुलं या नावांजवळून रोज जातात, पाटी कशी दिसते हे त्यांना ठाऊक असतं. न्न, क्क, ण्ण इथूनच काढा. दुकानांच्या पाट्यांवरचा मजकूर वहीत उतरवून आणायला सांगा. चुकीच्या लिहिलेल्या पाट्या मुलं स्वतः पकडायला लागली की गट बदलायची वेळ झाली.

परिच्छेद गटासाठी मुलांच्या तोंडची वाक्यं फळ्यावर लिहा. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेच्या जत्रेच्या, दिवसांत हजेरी पडते आणि आपण चिडतो. त्यापेक्षा मुलं परत आली की विचारा: पाळण्यात कोण रडलं, मिरवणुकीतले सात नंदीध्वज कुठून पाहिले, काय खाल्लं. ती सांगतील तसं लिहा, वाचून घ्या, मग तेच वहीत लिहू द्या. स्वतःचं वाक्य वाचताना मूल अडखळत नाही.

गणिताबद्दल थोडंच. विडीच्या एका बंडलात 25 विड्या, तर हजाराला किती बंडलं? आईशेजारी बसणारं पोर "चाळीस" म्हणून मोकळं होतं. तोच भागाकार फळ्यावर मांडला की गप्प. आधी तोंडी हिशेब कसा केला हे त्याच्याकडून वदवून घ्या, मग मांडणी दाखवा.

हा तास जपणं सगळ्यात अवघड. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षणाबाहेरची कामं देता येत नाहीत. कलम कागदावर, आणि "माहिती आत्ताच्या आत्ता पाठवा" हा निरोप फोनवर. मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून घ्या: त्या तासात फोन कपाटात. माहिती तासाभराने गेली म्हणून आजवर कुठली शाळा बंद पडलेली नाही.

डिजिटल साधनांबद्दल प्रत्येक पाहुणा विचारतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाल्यापासून तर जास्तच, कारण पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे त्यांचं काम आहे. कोड उत्तम. पण तो स्कॅन करून उघडलेलं वाचता यायला हवं ना?

पालकांना बोलवायचं तर वेळ त्यांची बघा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात, पण सभा जर आयांच्या वळलेल्या विड्या जमा करायच्या वेळेला ठेवली तर रजिस्टरवर फक्त सह्या उरतात. सभेत भाषण नको. मुलाला उभं करा, नवा परिच्छेद वाचू द्या. आई निरक्षर असली तरी पोर कुठे अडतं हे तिला ऐकू येतं. तिला एकच काम सांगा: विड्या वळताना मुलाला शेजारी मोठ्याने वाचायला बसवायचं आणि मधेच विचारायचं, पुढे काय झालं? तेलुगूत विचारलं तरी चालेल. मुलाने तेलुगूत सांगितलं तर फारच छान, कारण मग त्याला अर्थ कळलाय.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी नवा पुठ्ठा, पुन्हा प्रत्येकाचं वाचन, पुन्हा गट. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मिनिटाला 60 शब्द अर्थासह वाचावेत असं लक्ष्य आहे. मी घड्याळ सुरुवातीला काढत नाही, गोष्ट गट स्थिरावला की काढते. घड्याळ लवकर आलं की मुलं धावतात आणि अर्थ मागे राहतो.

दोन महिन्यांनीही एखादं मूल जागचं हललं नाही, तर त्याला आळशी म्हणण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यापासून लांब बसवून एक शब्द वाचायला सांगा, पाठमोरं उभं करून हळू आवाजात नाव घ्या. शंका आली तर शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला ते मूल नावानिशी दाखवा, गर्दीतल्या तपासणीवर सोडू नका. तिथेही काही निघालं नाही, तर 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना बोलवा, आणि तोवर त्याला अक्षरगटात पहिल्या ओळीत बसवा.