कादंबरीचा आराखडा: किती आखायचं, कुठे थांबायचं, या चुका टाळा

माझ्या कपाटात तीन दोनशेपानी वह्या आहेत, पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरावर कादंबरी लिहायची म्हणून भरलेल्या. वाड्याचा नकाशा आहे, चार बिऱ्हाडांच्या वंशावळी आहेत, कोणाच्या खोलीत कुठला कंदील हेसुद्धा आहे. कादंबरीचं पान मात्र एकही नाही. चौदा महिने असे गेल्यावर चिडून वह्या बाजूला ठेवल्या आणि काहीही न आखता लिहायला बसलो. ती कादंबरी 140व्या पानावर कोसळली. तेव्हा पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः करून पाहिलेल्या आहेत.

तयारीलाच लेखन समजणं

'अजून एवढं वाचलं की सुरू करतो' हे वाक्य महिन्यात तिसऱ्यांदा तोंडातून निघालं की समजावं, आता आपण टाळतोय. संशोधनाची गंमत अशी की ते कधीच वाईट होत नाही; वाईट होतं ते पहिलं पान, म्हणून माणूस वहीतच रमतो.

उपाय साधा आहे. जो प्रसंग आज डोळ्यांसमोर स्पष्ट दिसतो तो आज लिहायचा, मग तो कादंबरीच्या मधलाच का असेना. अडलं तिथे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. 1957 पासून दशमान नाणी आली, त्यामुळे 1961 च्या पुण्यात लोक 'नवे पैसे' म्हणत, एवढं मला ठाऊक होतं. अर्धा शेर दुधाला किती नवे पैसे, हे ठाऊक नव्हतं. त्या एका भावासाठी मी दोन आठवडे घालवले, आणि शेवटी तो प्रसंगच गाळला!

'सगळं नंतर बघू' म्हणणं

दुसऱ्या खेपेला कादंबरीतल्या काकूंचा मुलगा पुराच्या वर्षी पाचवीत होता. पुढे 1975 च्या भागात त्याची मुलगी सातवीत गेलेली. चोविशीतल्या बापाला बारा वर्षांची मुलगी! हे मला शंभर पानांनंतर कळलं, तेही बायकोने वाचताना विचारलं म्हणून.

त्याहून फजिती पंचांगाने केली. पूर आला 12 जुलै 1961 ला, बुधवारी. त्या दिवशी अमावास्या आहे एवढं पाहून मी काकूंना ओट्यावर दिवे घासायला बसवलं. दिव्यांची अवस, आणि दाराशी पाणी. प्रसंग झकास जमला होता. पण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला होता. अमावास्या होती खरी, पण ज्येष्ठातली. दिव्यांची अवस येते आषाढाच्या शेवटी, आणि आषाढ लागायचाच होता. एक प्रसंग गेला असता तर हरकत नव्हती, पण पुढच्या चार प्रकरणांत ते दिवे पुन्हापुन्हा येत होते.

मग किती आखायचं? आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. मटकी भिजत घालायलाच विसरलं तर रात्री उसळ होत नाही. आराखड्यात फक्त मटकी हवी: गोष्ट कोण सांगतंय, पात्रांची जन्मवर्षं, बाहेरच्या जगातल्या खऱ्या तारखा, आणि मुख्य पात्राला जिवापाड काय हवंय. माझ्या लेखी हे एका पानात मावतं. संवाद, घरातल्या वस्तू, उपकथानकं, अगदी शेवटसुद्धा मीठ आहे.

निवेदक न ठरवता सुटणं

सगळ्यात महाग चूक ही, कारण ती प्रत्येक वाक्यात मुरते. माझा निवेदक दहा वर्षांचा मुलगा. त्याच्या तोंडी मी घातलं होतं की आदल्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. घटना खरी आहे, पण वाड्यात झोपलेल्या पोराला ती कशी कळणार? त्याला दिसेल ते एवढंच: नदीकडून धावत येणारी माणसं, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून गिळणारं पाणी, आणि खडकवासला धरणही फुटल्यामुळे नंतर कोरडे पडलेले नळ. मोठ्यांना कळलेलं सांगायचं तर निवेदक मोठा हवा, मागे वळून बघणारा. हा निर्णय मी 140 पानं लिहून झाल्यावर घेतला.

तुम्ही आधीच घ्या. एकच प्रसंग दोन पानं 'मी'तून लिहा, तोच पुन्हा तृतीयपुरुषी लिहा. कुठे लेखणी मोकळी चालते ते त्याच संध्याकाळी कळतं.

थोरामोठ्यांचा दाखला देणं

भालचंद्र नेमाडे यांनी पंचविशीत, 1963 साली, 'कोसला' तीन आठवड्यांच्या आत लिहून काढली, हे ऐकून आराखडा फाडणारे पुष्कळ भेटतात. पण ते आयुष्य त्यांनी जगलेलं होतं, त्यातलं बरंचसं आखणं वहीबाहेर झालेलं असणार. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 1890 पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत गेली, आणि छापून गेलेला मजकूर मागे जाऊन बदलता येत नाही. तुमच्यावर ती सक्ती नाही. ज्याची त्याची रीत.

आराखड्याला करारपत्र मानणं

पात्रं केवळ पुढचं प्रकरण यावं म्हणून बोलायला लागली की वाचकाला लगेच जाणवतं. अशा वेळी पात्राला वाकवू नका, आराखडा बदला. मी आता फक्त पुढच्या तीन प्रकरणांचं आखतो, दर प्रकरणाला दोन ओळी.

आधीच अडकला असाल तर

पन्नास-साठ पानांवर लिखाण आटलं असेल तर बहुतेक वेळा मुख्य पात्राला काय हवंय तेच ठरलेलं नसतं. सव्वाशे-दीडशे पानांवर गुंता झाला असेल तर मात्र पहिल्यापासून लिहायला घेऊ नका. पुन्हा तिथेच येऊन अडकाल. उलटा आराखडा करा: लिहून झालेल्या प्रत्येक प्रकरणात काय घडलं ते एका ओळीत, समोर साल आणि पात्राचं वय. मला तीन संध्याकाळी लागल्या. बावीस ओळींपैकी सहा ओळींत काहीच घडलेलं नव्हतं. ती सहा प्रकरणं काढून टाकली, आणि काकूंची नात बालवाडीत गेली.