पन्नाशीनंतर परत बाईक धरायची असेल तर

पोरं शिकायला पुण्या-बंगळूरला गेली, होम लोन संपत आलं आणि रात्री जेवण झाल्यावर यूट्यूबवर बाईकचे व्हिडिओ बघणं सुरू झालं, अशी मंडळी आपल्या इंदूरात सध्या गल्लोगल्ली आहेत. आणि सगळ्यांचा डायलॉग एकच, अहो बाईक चालवणं कोणी विसरतं का! नाही विसरत, मान्य. पण खरी गोची तिथंच आहे, कारण हातापायांना जे आठवतंय ते जुन्या गाडीचं आठवतंय, आणि समोर आहे ती वेगळीच गाडी.

आता जुनी बुलेट चालवलेल्यांचं बघा. तिला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आत्ताच्या सगळ्या गाड्यांना उलटं. शांतपणे चालवताना काही होत नाही, डोकं सांभाळून घेतं, पण मध्येच कुत्रं आडवं आलं की डोकं बाजूला आणि पाय पुढे. माझ्या मेहुण्याचं दशहरा मैदानावर हेच झालं, मी समोर पिशवी टाकली आणि त्याने ब्रेक म्हणून डावा पाय जोरात दाबला, गाडीचा गिअर खाली पडला, इंजिन ओरडलं, मागचं चाक चर्रकन घासलं. मैदान होतं म्हणून हसलो, एबी रोडवर झालं असतं तर हसायला कोण राहिलं असतं?

त्याच्याहून जास्त लोकांचा प्रॉब्लेम अ‍ॅक्टिव्हाचा आहे, आणि हा कोणी सांगतच नाही. दहा-पंधरा वर्षं भाजी आणायला, पोरांना क्लासला सोडायला अ‍ॅक्टिव्हा चालवली की डाव्या हाताला पक्कं बसतं, दाबलं की गाडी थांबते. बाईकवर तोच हात क्लच दाबतो, म्हणजे थांबायचं राहिलं बाजूला, इंजिनाची पकडही सुटते आणि गाडी मोकळी पुढे धावते. म्हणून पहिले काही दिवस फक्त ही सवय मोडायला द्या, रस्त्यावर जायचंच नाही, रविवारी सकाळी मोकळं मैदान शोधा आणि कोणाला तरी अचानक हात वर करायला सांगा. हात वर झाला की उजवा हात पुढचा ब्रेक, उजवा पाय मागचा, डावा क्लच अगदी शेवटी. कंटाळा येईपर्यंत करा, आणि कंटाळा आल्यावर अजून थोडं.

ब्रेकबद्दल अजून एक. आपल्या काळात पुढचा ड्रम ब्रेक नावालाच असायचा, शिवाय "पुढचा लावू नको, पडशील" हे घरोघरी सांगितलेलं, त्यामुळे सगळा भार मागच्या पायावर. पण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचाच करतो. डिस्क ब्रेक एकदम खेचायचा नाही, आधी हलका दाबून गाडीचं नाक खाली येऊ द्यायचं आणि मग जोर वाढवायचा. २० च्या स्पीडने सुरू करा, मग ३०, मग ४०. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊन घसरू न देणारी सोय, सक्तीचं आहे, ते चालू झालं की लिव्हर आणि पेडल थरथरतं, घाबरून सोडू नका, दाबून धरा. आणि सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक अजूनही लॉक होतं हे लक्षात असू द्या.

मग हाफ क्लच. पहिल्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर न देता क्लच हळूहळू सोडा, एका जागी इंजिनाचा आवाज जरा दबतो आणि गाडी पुढे सरकू बघते, ती जागा बोटांना पाठ झाली पाहिजे. तिथं धरून, मागचा ब्रेक अगदी किंचित दाबून, माणूस चालतो त्या वेगाने गाडी चालवा, मग यू टर्न. नजर चाकाकडे नको, जिथून बाहेर पडायचंय तिथं ठेवा. आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक अजिबात नाही, गाडी जागच्या जागी आडवी होते.

आडवी होणार हे धरून गाडी निवडा. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० जवळजवळ १९५ किलोची आहे, स्प्लेंडर ११२ च्या आसपास. शोरूममध्ये नुसतं बसून आरशात बघू नका, उतारावर लावून ती मागे ढकलून बघा, गुडघे काय म्हणतात ते तिथंच कळतं. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष हलकी सेकंडहँड घ्या, हौस नंतर करा. सेकंडहँड घेताना टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं, ते बदलूनच घ्या.

लायसन्स काढून बघा, तारीख गेलेली असायची शक्यता भरपूर. संपून एक वर्षाच्या आत असेल तर रिन्यू होतं, वर गेलं असेल तर परत टेस्ट. चाळिशीनंतर डॉक्टरचं मेडिकल सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १ए, लागतं. जुनं पुस्तकवालं लायसन्स असेल तर आरटीओत ऑनलाइन चढवून घ्यावं लागतं, एजंटला विचारायच्या आधी सरकारच्या सारथी पोर्टलवर स्वतः बघा. हेल्मेट आयएसआयचं, आणि घरातलं माळ्यावरचं नको, आतला फोम इतक्या वर्षांत गेलेला असतो.

डोळे तपासा. बायफोकल असेल तर काचेच्या खालच्या भागातून जवळचा रस्ता धूसर दिसतो, म्हणजे नेमका खड्डाच. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर रात्री समोरचे एलईडी दिवे फुटल्यासारखे दिसतात, म्हणून अंधार पडायच्या आत घरी. मान मागे वळते का तेही बघा, नुसत्या आरशावर भिया काम नाही चालत. सर्दीची गोळी घेतली असेल त्या दिवशी चावी खुंटीवरच. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी निघू नका, पोहे खायला आपल्याकडे कारण लागतं थोडंच!

पहिली बाहेरची राईड राऊ-महूपर्यंतच. सुपर कॉरिडॉर मोकळा दिसतो म्हणून मोह होतो, पण तिथली पोरं ज्या वेगाने येतात तो अंदाज आपल्या डोळ्यांना यायला वेळ लागतो. सिमरोलकडून भेरूघाट तर ट्रकांमुळे बराच नंतर. आणि पावसाळ्यात शेताजवळचा रस्ता बघून चालवा, ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली माळव्याची काळी माती डांबरावर पसरली की साबण बरा, तिथं ब्रेक नाही, वळणं नाही, सरळ हळू निघायचं.

बायकोला मागे बसवणं शेवटी. मागच्या टायरमध्ये हवा जास्त लागते, किती ते चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं, थांबायला अंतरही जास्त लागतं, म्हणून आधी मैदानातच तिला घेऊन ब्रेकची प्रॅक्टिस करा. ती नको म्हणाली तर आग्रह करू नका, तिने तुमचं जुनं ड्रायव्हिंग बघितलेलं आहे.